श्वासमार्गाची शस्त्रक्रिया आणि निवडीचा इतिहास : मज्जासंस्थेची बाधा असलेल्या बालकांच्या संदर्भात

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास आपल्याकडे बहुधा उपकरणांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून शिकविला जातो. श्वासनलिकाछेदन म्हणजेच ट्रॅकिऑस्टॉमी ही शस्त्रक्रियाही या परंपरेला अपवाद नाही. गळ्याच्या पुढच्या भागात छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि नाक, तोंड व स्वरयंत्र यांना वगळून हवेला थेट फुप्फुसांकडे वाट करून द्यायची, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप आहे. रुग्णालयात नातेवाईक तिला ‘गळ्याला भोक पाडणे’ असे म्हणतात आणि त्या शब्दांतील धास्ती कोणत्याही पारिभाषिक संज्ञेत उतरत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या शस्त्रक्रियेचा एका विशिष्ट अंगाने विचार करणे हा आहे. सेरेब्रल पाल्सी, मेंदुज्वराचे परिणाम, स्नायूंचे आनुवंशिक आजार इत्यादी कारणांमुळे ज्या बालकांना गिळणे, खोकणे किंवा श्वास घेणे कठीण जाते, त्यांच्यासाठी श्वासमार्गाची कोणती शस्त्रक्रिया निवडावी, हा प्रश्न वैद्यकशास्त्रासमोर केव्हा उभा राहिला, कसा बदलत गेला आणि निर्णय घेणाऱ्यांनी वेळोवेळी कोणत्या गोष्टी जमेस धरल्या, याचा शोध येथे घेतला आहे. त्यासाठी ऐतिहासिक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय वाङ्मय आणि कायद्यांचा आधार घेतला आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्यक शाखेचा नाही. म्हणून येथे उपचाराचा सल्ला नाही, निर्णयाच्या इतिहासाची चिकित्सा आहे.

प्रारंभीच एका लोकप्रिय समजाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत आणि त्यांच्या आधारे आपल्याकडील व्याख्यानांत श्वासनलिकाछेदनाचा पहिला उल्लेख ऋग्वेदात आढळतो, असे अभिमानाने सांगितले जाते. ज्या ऋचेचा आधार दिला जातो ती आठव्या मंडलातील असून तीत जखम पुन्हा सांधणाऱ्या इंद्राची स्तुती आहे. शस्त्र, छेद, नळी किंवा रुग्ण यांपैकी कशाचेही वर्णन तेथे नाही. देवतास्तुतीला शस्त्रक्रियेचा पुरावा मानणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. हा समज बाजूला ठेवून बालकांवरील शस्त्रक्रियेच्या प्रत्यक्ष नोंदींकडे वळू.

घटसर्प आणि गुदमरणारे बालक

बालकांच्या श्वासनलिकाछेदनाचा सलग इतिहास एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये सुरू होतो. इ. स. १८०७ मध्ये नेपोलियनचा लहानगा पुतण्या घशाच्या आजाराने दगावला. त्यानंतर या आजाराच्या उपचारावरील उत्तम निबंधाला सम्राटाने १२,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. निबंध पुष्कळ आले, परंतु मुले मरतच राहिली. १८२५ मध्ये तूर येथील पिएर ब्रेतोनो या वैद्याने घटसर्पाने गुदमरलेल्या एका मुलीची श्वासनलिका उघडली आणि ती वाचली. त्याचे आधीचे प्रयत्न फसले होते, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो याने पॅरिसमध्ये ही शस्त्रक्रिया दोनशेहून अधिक बालकांवर केली आणि त्यांतील सुमारे एक चतुर्थांश मुले वाचली. आजच्या वाचकास हे प्रमाण भयंकर वाटेल. पण ज्या काळात अशा अवस्थेत पोचलेले मूल जवळजवळ खात्रीने दगावत असे, त्या काळात चारांतील एक वाचणे हा फार मोठा दिलासा होता.

पुढील टप्पे येथे थोडक्यात पाहू. १८५८ मध्ये बूशू याने छेद न घेता तोंडावाटे स्वरयंत्रात नळी घालण्याची पद्धत पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडली. तिच्या परीक्षणासाठी नेमलेल्या समितीचे नेतृत्व त्रूसोकडेच होते आणि समितीने ती पद्धत फेटाळली. स्वतःच्या शस्त्रक्रियेवरील निष्ठेने परीक्षकाचा निर्णय कसा प्रभावित होतो, याचे हे उदाहरण आजच्या समकक्ष-परीक्षित नियतकालिकांच्या वाचकांना अपरिचित वाटू नये! तीच कल्पना न्यूयॉर्कच्या फाउंडलिंग रुग्णालयातील जोसेफ ओड्वायर याने १८८० नंतरच्या वर्षांत यशस्वी करून दाखविली. १८९४ मध्ये एमिल रू याने घटसर्पाच्या प्रतिविषाचे निष्कर्ष जाहीर केल्यावर या आजाराची दहशत ओसरू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन याने छेद कोठे घ्यावा आणि नळी कशी सांभाळावी याचे नियम घालून दिले. श्वासनलिकेत फार वर छेद घेतल्याने स्वरयंत्राखालील भाग कायमचा आकसतो, हे त्याने १९२१ मध्ये दाखवून दिले.

या संपूर्ण कालखंडात निर्णयाचे स्वरूप एकच होते. निरोगी मज्जासंस्था असलेले मूल घशातील अडथळ्यामुळे गुदमरत आहे, अडथळा काही दिवसांत जाणार आहे आणि तेवढे दिवस त्याला जगवायचे आहे. म्हणजे निवड जीव आणि मृत्यू यांमध्ये होती आणि नळी तात्पुरती होती. मज्जासंस्थेची बाधा असलेले मूल या इतिहासात जवळजवळ दिसतच नाही. आहार श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला की ते मूल दगावत असे आणि त्यात ‘निवड’ करण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नसे.

पोलिओ : अडथळ्याकडून दौर्बल्याकडे

प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील निर्णायक वळण एखाद्या नव्या नळीने आणलेले नाही, ते एका नव्या प्रश्नाने आणलेले आहे. १९२८ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयात फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांचे लोखंडी फुप्फुस पोलिओग्रस्त मुलीसाठी प्रथम वापरले गेले. छातीचे स्नायू लुळे पडलेल्यांना त्याचा उपयोग झाला, परंतु ज्यांच्या घशाचे स्नायू लुळे पडले होते त्यांना झाला नाही. अशा रुग्णांच्या घशात काहीही अडकलेले नसते. त्यांना स्वतःचीच लाळ गिळता येत नाही, खोकून बाहेर टाकता येत नाही आणि ते तिच्यात बुडत जातात. १९४३ मध्ये अमेरिकेतील थॉमस गॅलोवे याने अशा रुग्णांसाठी श्वासनलिकाछेदनाचा पुरस्कार केला. साचलेला स्राव खालून ओढून काढण्यासाठी एक मार्ग हवा, असा त्याचा युक्तिवाद होता. शंभर वर्षे जी शस्त्रक्रिया अडथळ्यासाठी होत होती ती येथे प्रथमच ठळकपणे दौर्बल्यासाठी होऊ लागली.

कोपनहेगनची १९५२ ची साथ हा याच कथेचा पुढचा भाग होय. ब्लेगडॅम रुग्णालयात लोखंडी फुप्फुस एकच होते आणि छातीवर बसविण्याची उपकरणे सहा. श्वसन बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. विभागप्रमुख लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांना पाचारण केले. रुग्णांच्या रक्तात वाढलेला क्षार हा वेगळाच विकार आहे असे समजले जात होते. इब्सेन यांनी त्याचा अर्थ निराळा लावला. रुग्ण नीट श्वास सोडू शकत नसल्याने त्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत फुग्याची नळी बसवून त्यांनी रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला आणि ती वाचली. त्यानंतर यंत्रांच्या अभावी सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत राहिले. एका वेळी सत्तर रुग्णांपर्यंत असा हाताने श्वास द्यावा लागत होता. मृत्यूचे प्रमाण पुढे सुमारे एक चतुर्थांशापर्यंत खाली आले.

या घटनेला अतिदक्षता विभागाचा जन्म म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच दिवशी आणखी एका गोष्टीचा जन्म झाला, तिची नोंद फारशी घेतली जात नाही. ती मुलगी वाचली, पण बरी झाली नाही. तिचे हातपाय लुळेच राहिले आणि श्वासासाठी ती परावलंबी राहिली. १९७१ पर्यंत ती जगली. गळ्यातील नळीसह वर्षानुवर्षे जगणारे मूल ही वैद्यकशास्त्राला नवी असलेली व्यक्ती येथे प्रथम ठळकपणे समोर येते. तसेच त्या शस्त्रक्रियेचे यश शल्यविशारदाच्या कौशल्याइतकेच पिशवी दाबणाऱ्या हातांवर अवलंबून होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. छेद काही मिनिटांचा होता, पाळ्या मात्र कित्येक महिने चालल्या.

पर्याय वाढले, प्रश्नही वाढला

१९६५ मध्ये मेलबर्नच्या बालरुग्णालयातील मॅक्डोनल्ड व स्टॉक्स यांनी नाकावाटे घातलेली प्लास्टिकची नळी बालकांत दीर्घकाळ ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. त्यामुळे अल्पकाळासाठी गळा छेदण्याची गरज झपाट्याने घटली. घटसर्पाची लस आधीच आली होती. पुढे स्वरयंत्रावरील झाकणाच्या तीव्र दाहास कारण होणाऱ्या जंतूवरील लसही आली. परिणामी, विसाव्या शतकाच्या अखेरीस श्वासनलिकाछेदन होणाऱ्या बालकांचे चित्र पालटले. संसर्गाने गुदमरणारी मुले कमी झाली, तर अतिदक्षतेमुळे वाचलेली परंतु मज्जासंस्थेची बाधा असलेली, दीर्घकाळ नळीची गरज भासणारी मुले वाढली. ज्या प्रगतीने एका गटाला नळीपासून सोडविले, तिनेच दुसऱ्या गटाला नळीपर्यंत आणून पोचविले.

या मुलांचे दुखणे एकाच प्रकारचे नसते, हे समजण्यास वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. काहींचा घसा सैल पडून जीभ मागे जाते आणि झोपेत श्वास अडतो. काहींना खोकण्याची शक्ती नसते. काहींच्या श्वासनलिकेत लाळ उतरत राहते, तर काहींच्या जठरातील अन्न वर येते. काहींच्या बाबतीत मेंदूकडून श्वासाची आज्ञाच नीट येत नाही. पहिल्या प्रकारात गळ्यातील नळी उत्तम काम करते. तिसऱ्या प्रकारात मात्र ती स्राव ओढण्याची सोय करते, लाळेला अडवीत नाही. नळीला फुगा असला तरी लाळ त्याच्या कडेने झिरपते. ‘नळी बसविली, आता न्यूमोनिया होणार नाही’ अशी पालकांची समजूत होणे स्वाभाविक आहे आणि ती वेळीच दूर न केल्यास पुढे फार मोठा अपेक्षाभंग होतो.

म्हणून निरनिराळ्या वाटा शोधल्या गेल्या. १९६७ मध्ये कॅनडातील विल्की याने सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची लाळ गळणे थांबविण्यासाठी लालानलिकांची दिशा बदलण्याची शस्त्रक्रिया मांडली. १९७२ मध्ये हबाल व मरे यांनी स्वरयंत्रावरील झाकणच शिवून टाकण्याची कल्पना पुढे आणली. १९८० मध्ये गॉडरर व पॉन्स्की यांनी पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने जठरात नळी बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती प्रथम बालकांसाठीच वापरली गेली आणि तोंडाने अन्न देण्याची सक्ती तिने संपविली. पण लाळ तर तोंडातच निर्माण होते.

आवाजाची किंमत

१९७५ मध्ये सिॲटलच्या रॉजर लिंडेमन याने सर्वांत मूलगामी उपाय सुचविला. श्वासनलिका आडवी छेदायची, तिचे खालचे टोक गळ्यावर उघडायचे आणि स्वरयंत्राकडील वरचे टोक अन्ननलिकेला जोडायचे. मग लाळ कितीही उतरली तरी ती अन्ननलिकेतच जाईल. पुढील वर्षी त्याने व सहकाऱ्यांनी वरचे टोक जोडण्याऐवजी शिवून बंद करण्याचा सोपा प्रकारही मांडला. फुप्फुसे आणि घसा यांचा संबंध पूर्णपणे तोडणारा हा उपाय लाळ उतरण्यावर खात्रीचा ठरला. मात्र हवा स्वरयंत्रातून जाणे कायमचे थांबते. अर्थात आवाजही जातो.

लिंडेमनने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ही शस्त्रक्रिया पूर्ववत करता येण्याजोगी असल्याचे म्हटले होते, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. तिची मूळ कल्पना स्वरयंत्र लुळे पडलेल्या आणि पुढेमागे सुधारू शकणाऱ्या रुग्णांना समोर ठेवून पुढे आली होती. तीच शस्त्रक्रिया मज्जासंस्थेची गंभीर बाधा असलेल्या बालकांकडे आली तेव्हा ‘पूर्ववत करता येईल’ हा शब्दप्रयोग तिच्यासोबत आला, परंतु प्रत्यक्षात ती पूर्ववत करण्याची वेळ क्वचितच आली. एका परिस्थितीत खरे असलेले आश्वासन दुसऱ्या परिस्थितीत केवळ शब्द म्हणून उरते.

‘मूल बोलत नाही, म्हणून आवाज गेल्याने काही बिघडत नाही’ हे विधानही या ठिकाणी तपासून पाहिले पाहिजे. वैद्यकीय नोंदीत ‘वाचा नाही’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ‘आवाज नाही’ असा होत नाही. जे मूल एकही शब्द उच्चारत नाही ते रडते, हसते, भूक लागली की कुरकुरते, आईची चाहूल लागताच हुंकार देते. शेजारच्या खोलीतील आईला ते जागे झाल्याचे त्या आवाजावरूनच कळते. शस्त्रक्रियेनंतर हे मूल रडते, पण ऐकू येत नाही. वारंवार होणाऱ्या न्यूमोनियापासून सुटका, रुग्णालयाच्या खेपा कमी होणे आणि रात्री झोप मिळणे, हे या शस्त्रक्रियेचे लाभ खरे आहेत. कित्येक कुटुंबांनी ते पूर्ण विचारांती स्वीकारले आणि ते चुकले असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु त्या हुंकाराची किंमत शून्य धरून केलेला हिशेब आणि ती किंमत मान्य करून केलेला हिशेब, हे दोन्ही एकाच उत्तराला पोचले तरी एक समजू नयेत.

घर, कायदा आणि रात्रीचे जागरण

ही शस्त्रक्रिया बालकांमध्ये मोठ्या प्रमाणावर रुजली ती जपानमध्ये. त्यामागे शल्यविशारदांच्या आवडीखेरीज सामाजिक कारणेही आहेत. तेथे १९६१ मध्ये गंभीर शारीरिक व बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शिमादा र्‍योइकुएन ही पहिली संस्था निघाली. १९६३ मध्ये अपंग मुलीचे पिता असलेले कादंबरीकार मिझुकामी त्सुतोमु यांनी पंतप्रधानांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि हा विषय सार्वजनिक चर्चेत आला. पुढे अशी मुले संस्थांतून घरी आली. नळीतील स्राव ओढणे हे वैद्यकीय कृत्य मानले गेल्याने ते परिचारिकांखेरीज केवळ कुटुंबीयांच्याच वाट्यास येत असे. प्रशिक्षित मदतनिसांना ते करण्याची कायदेशीर मुभा एप्रिल २०१२ मध्ये मिळाली, तर वैद्यकीय शुश्रूषेची गरज असलेल्या बालकांसाठी स्वतंत्र कायदा २०२१ मध्ये झाला. जेथे आईला रात्रभर दर थोड्या वेळाने उठून स्राव ओढावा लागतो, तेथे ते ओढणे कमी करणारी शस्त्रक्रिया स्वीकारली जाणे ओघानेच आले.

शस्त्रक्रियेच्या धोक्यांतही या मुलांचे वेगळेपण दिसते. पाठीचा कणा वाकलेला आणि छाती चपटी असल्याने श्वासनलिकेसमोरून जाणारी मोठी धमनी आणि श्वासनलिका यांमधील जागा अपुरी पडते. नळीचे टोक घासत राहिल्यास धमनी फुटून प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जपानमधील काही शल्यविशारदांनी ती धमनी आधीच छेदून बंद करण्याचा मार्ग अवलंबिला.

अमेरिकेत प्रश्न पैशांच्या वाटेने पुढे आला. मेंदूदाहाने श्वासयंत्रावर अवलंबून राहिलेली केटी बेकेट ही मुलगी रुग्णालयात असेतोवर तिचा खर्च शासन देत होते. ती घरी गेल्यास आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाऊन तो बंद होणार होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी या विसंगतीचा जाहीर उल्लेख केला आणि १९८२ मध्ये कायद्यात बदल होऊन अशा मुलांना घरी ठेवण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी सर्जन जनरल कूप यांनी श्वासयंत्रावलंबी बालकांविषयी फिलाडेल्फियात कार्यसत्र घेतले. कूप हे स्वतः बालशल्यविशारद होते. केटी मोठी होऊन अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली आणि २०१२ मध्ये तिचे निधन झाले. मज्जासंस्थेची बाधा म्हणजे बुद्धीची बाधा, हे समीकरण तिच्या आयुष्याने खोटे ठरविले.

आपल्याकडे मुंबईत १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा सुरू केली, तेव्हा ही मुले शिकू शकतात हेच मुळात सिद्ध करावे लागत होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने त्यांच्या कायदेशीर पालकत्वाची व्यवस्था केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवनरक्षक उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्रास मान्यता दिली, तथापि ते सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीच करू शकते. बालकाच्या बाबतीत निर्णय पालक आणि डॉक्टर यांच्यातील संवादावरच उरतो. तो संवाद अनेकदा अतिदक्षता विभागाच्या दाराशी, उभ्याउभ्या होतो. घरी वीज किती तास असते, स्राव ओढण्याचे यंत्र कोण चालवील, नळी अचानक निघाली तर गावात ती बसविणारे कोणी आहे काय, हे प्रश्न संमतिपत्राच्या छापील मजकुरात नसतात. वस्तुतः कोणती शस्त्रक्रिया निवडावी याचे उत्तर पुष्कळदा याच प्रश्नांत दडलेले असते.

आणखी एक अलीकडची घडामोड या संदर्भात विचारात घ्यावी लागते. पाठीच्या मज्जारज्जूशी संबंधित स्नायूक्षयाच्या तीव्र प्रकारातील अर्भकांना गळ्यातील नळी द्यावी की नाही, याविषयी देशोदेशीच्या डॉक्टरांत तीव्र मतभेद होते. हे मूल फार काळ जगणार नाही, हे गृहीत धरून अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया सुचविलीच जात नसे. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत नुसिनर्सेन या औषधास मान्यता मिळाली आणि वेळेवर उपचार झालेली काही मुले आधाराविना बसू लागली. त्यापूर्वीच्या पालकांना जे भाकीत निश्चित म्हणून सांगितले गेले होते ते त्या काळापुरतेच निश्चित होते. मुखपट्टीद्वारे श्वास देण्याची पद्धतही १९९० नंतर बालकांत रुळली असून छेद न घेता काही वर्षे काढणे आता पुष्कळांना शक्य होते. मात्र ज्यांना लाळ गिळता येत नाही त्यांच्यासाठी ही मुखपट्टी फारशी उपयोगी पडत नाही आणि त्या मुलांच्या पालकांपुढे १९७५ चीच निवड आजही तशीच ठेवली जाते.